भाताच्या गोळ्याला डोनट म्हणायचं नाही

दर उन्हाळ्यात अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तो फोटो टाकतंच. मेट्रोचा डबा, डब्यात जांभळ्या-हिरव्या केसांची, पाठीला पुठ्ठ्याच्या तलवारी लावलेली, जपानी कार्टूनमधल्या म्हणजे ॲनिमेतल्या पात्रांचा वेष केलेली पंधरा-वीस पोरं, आणि खाली ठरलेली ओळ, ह्यांना स्वतःचं कल्चर नाही का, जपान्यांचं कशाला उसनं घेतात. मग चार जण हसरे चेहरे टाकतात आणि एक काका "पळपुटेपणा आहे सगळा, अभ्यास नको म्हणून" असं लिहून झोपायला जातात. मी तीन वर्षं गप्प बसलो. यंदा नाही बसवत, कारण फोटोतली डावीकडून तिसरी माझी लेक असू शकली असती. (नव्हती. तिची तलवार फोमची आहे, पुठ्ठा म्हटलं तर दोन दिवस बोलत नाही.)

ग्रुपवर एवढं लांब लिहिलं तर ॲडमिन झापेल म्हणून इथे लिहितोय. माझं म्हणणं एवढंच की ह्या पोरांनी जपान्यांचं उसनं घेतलं हे खरं, पण घेतलं कसं ते बघा. बाहेरून आलेली गोष्ट अमेरिका नेहमी सोलून खाते. वरचं साल काढायचं, नाव बदलायचं, तिखट कमी करायचं आणि मग आपलंच म्हणून ताटात घ्यायचं, योगाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. ॲनिमेची पोरं ही माझ्या माहितीतली पहिली अशी मोठी गर्दी, जी म्हणाली की सोलू नका, सालासकट द्या. आणि हे म्हणायला त्यांनी जो मार्ग धरला तो शंभर टक्के अमेरिकन होता, म्हणजे मंडळ काढायचं, वर्गणी गोळा करायची, हॉल बुक करायचा.

आधी सोलण्याचं सांगतो. ॲस्ट्रो बॉय हे जपानी कार्टून, तो इथे टीव्हीवर आला १९६३ साली, जपानमध्ये सुरू झाला त्याच वर्षी, आणि बघणाऱ्या पोरांना तो जपानी आहे हे माहीतच नव्हतं. नंतरच्या मालिकांचंही तेच. १९७९ ला स्टार ब्लेझर्स नावाने जी मालिका दाखवली ती मुळात स्पेस बॅटलशिप यामाटो, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात बुडालेली जपानी युद्धनौका उचलून अंतराळात पाठवायची अशी गोष्ट. अमेरिकेत त्या जहाजाचं नाव झालं आर्गो, नायक सुसुमु कोदाईचा झाला डेरेक वाइल्डस्टार, आणि त्यातला डॉक्टर सतत साके म्हणजे जपानी दारू पीत असतो तर इंग्रजीत तो झऱ्याचं पाणी पितो असं करून टाकलं. झऱ्याचं पाणी पिऊन झिंगणारा डॉक्टर! पुढे १९८५ ला रोबोटेक आलं, त्यात तर तीन वेगवेगळ्या मालिका एकत्र शिवल्या होत्या, का तर रोज दाखवायला ६५ भाग लागायचे आणि एकेकीत तेवढे नव्हते. हिकारू इचिजो हा पायलट त्यात झाला रिक हंटर.

आता त्याच काळात बाहेर काय चाललं होतं ते बघा, कारण ह्याच्याशिवाय नावं का बदलली ते कळत नाही. डेट्रॉइटमधे गाड्यांचे कारखाने बंद पडत होते, जपानी गाड्या हातोड्याने फोडायचे जाहीर कार्यक्रम होत होते, आणि १९८२ च्या जूनमधे व्हिन्सेंट चिन नावाच्या सत्तावीस वर्षांच्या मुलाला, ज्याचं लग्न काही दिवसांवर आलं होतं, दोन गोऱ्यांनी बेसबॉल बॅटने मारून टाकलं. एक क्रायस्लरमधला फोरमन, दुसरा त्याचा सावत्र मुलगा, ज्याची नोकरी गेलेली. चिन चिनी होता, जपानी नव्हताच, पण तेवढा फरक कोण करतोय. दोघांना शिक्षा काय, तर प्रोबेशन आणि तीन-तीन हजार डॉलर दंड. त्या डेट्रॉइटमधली पोरं शाळेतून घरी येऊन रिक हंटर बघत असतील आणि रिकसाठी जीव टाकत असतील. माल पाहिजे पण माणूस नको, आणि मालावरचा पत्ताही खोडून पाहिजे, असं ते होतं.

(मी हसायला नको खरं तर. डोंबिवलीला दर रविवारी आम्ही अख्खी चाळ मिळून दूरदर्शनवर मोगली बघायचो, ते चड्डीवालं गाणं अजून पाठ आहे, आणि ती मालिका जपान्यांनी काढलेली होती हे मला कळलं वयाच्या पस्तिशीत, ते सुद्धा लेकीकडून. आपल्याच जंगलातला पोरगा जपान फिरून हिंदी बोलत आपल्याकडे परत आला आणि आम्हाला पत्ता नाही.)

सोलण्याचा सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे डोनट. पोकेमॉन अमेरिकेत १९९८ ला आला, त्यात ब्रॉक नावाचा पोरगा डब्यातून भाताचे तिकोनी गोळे काढतो, खाली काळी पट्टी गुंडाळलेली, कोणीही बघून सांगेल की हा भात आहे. आणि इंग्रजीत तो म्हणतो की जेली भरलेले डोनट आहेत. पुढच्या काही भागांत तर ओनिगिरीवर, म्हणजे ह्याच भाताच्या गोळ्यावर, कॉम्प्युटरने सँडविच रंगवून टाकलं. म्हणजे कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलं की अमेरिकन पोराला भात दिसला तर तो चॅनल बदलेल.

हे वाचून आपल्यापैकी ज्यांची पोरं इथल्या शाळेत गेली त्यांना एक डबा आठवेल. माझ्या लेकीने दुसरीत असताना सांगितलं की उद्यापासून पोहे नको, मी विचारलं का, तर म्हणाली सगळे विचारतात ते पिवळं काय आहे. तिसरीपासून सँडविच. आमच्या डब्यावर कॉम्प्युटरने रंगवायची गरज पडली नाही, आम्हीच रंगवला. नावांचं पण तेच, आमच्या ऑफिसातला कौस्तुभ गेली बारा वर्षं 'केस' आहे आणि त्याला आता कौस्तुभ हाक मारली तर तो चटकन वळत नाही. सुसुमुचा डेरेक आणि कौस्तुभचा केस, एकाच कारखान्यातला माल.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. सत्तरच्या दशकात लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, हवाई अशा ठिकाणी तिथल्या जपानी वस्तीसाठी म्हणून छोट्या चॅनलवर जपानी कार्यक्रम लागायचे, त्यात महाकाय रोबोंच्या मालिका, आणि खाली इंग्रजी सबटायटल, कारण वस्तीतल्या पोरांना जपानी धड येत नव्हतं. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी देशी कार्यक्रमाचा तास लागायचा ना, तसंच. त्या तासाला काही गोरी पोरं चिकटली. १९७७ ला लॉस एंजेलिसमधे कार्टून फँटसी ऑर्गनायझेशन नावाचा क्लब निघाला, फ्रेड पॅटन वगैरे मंडळी, महिन्यातून एकदा जमायचं आणि टेप बघायच्या. बऱ्याच टेपना सबटायटल नसायचंच, कोणीतरी गोष्ट सांगायचं आणि बाकीचे अंदाजाने बघायचे. पण आवाज मूळचा, नावं मूळची. मला ह्यातली ही सुरुवात फार महत्त्वाची वाटते, की हे सगळं कुठल्या कंपनीने आणलेलं नाही, स्थलांतरितांच्या टीव्हीत डोकावून सुरू झालेलं आहे.

मग व्हीसीआर स्वस्त झाले आणि फॅनसब आले, म्हणजे चाहत्यांनी स्वतः सबटायटल लावलेल्या टेप. चार-पाच जण, त्यातला एक जपानी शिकणारा कॉलेजचा पोरगा, एकाकडे अमिगा कॉम्प्युटर, त्याला एक यंत्र जोडायचं जे चित्रावर अक्षरं बसवतं, आणि रात्र रात्र जागून एकेक वाक्य बसवायचं. टेप पाहिजे असेल तर तुम्ही कोरी टेप आणि परतीचं तिकीट लावलेलं पाकीट पाठवायचं, पैसे नाहीत, टेपवर लिहिलेलं असायचं की ही विकायची किंवा भाड्याने द्यायची नाही. आणि नियम असा की एखाद्या कंपनीने त्या मालिकेचे हक्क अमेरिकेत घेतले की आपली टेप वाटणं बंद. सगळ्यांनी पाळला असं नाही, कायद्याने हे चोरीतच बसतं, ते मी झाकत नाही. पण चोरीतसुद्धा ह्या पोरांची नियत बघा, जिथे भाषांतर जमलं नाही तिथे मूळ शब्द तसाच ठेवून वर टीप द्यायची. अती झालं ते पण झालं, एका अतिउत्साही भाषांतरकाराने 'केइकाकु' तसंच ठेवून वर टीप दिली की केइकाकु म्हणजे प्लॅन, असं सांगतात, त्यावर अजून लोक हसतात, अरे बाबा मग प्लॅनच लिही की. पण मला झऱ्याच्या पाण्यापेक्षा ही चूक परवडली.

आणि कंपन्यांना शेवटी वाकावं लागलं. आधी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, इंग्रजीत छापताना पानं आरशात धरल्यासारखी उलटी करायचे, डावीकडून वाचता यावं म्हणून, त्यामुळे सगळे सामुराई डावखुरे व्हायचे. २००२ ला टोकियोपॉप ह्या प्रकाशकाने ठरवलं की जपानमधे आहे तसंच उजवीकडून डावीकडे छापायचं, आणि आता बहुतेक सगळे तसंच छापतात. सवयीने तुम्ही आपल्या बाजूने पुस्तक उघडलंत तर पहिल्याच पानावर सूचना असते की थांबा, तुम्ही उलट्या बाजूने वाचताय. अमेरिकन दुकानात अमेरिकन पोराला कोणी सांगतंय की तू उलटा आहेस, पुस्तक बरोबर आहे! मला ते पान बघून दर वेळी एक आसुरी आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

कॉनचं, म्हणजे ह्या चाहत्यांच्या कन्व्हेन्शनचं, सांगायचं राहिलं. कॉनला लोक जपानी म्हणतात तेव्हा मला कळत नाही की ह्यांनी अमेरिका बघितली आहे की नाही. वेष करून संमेलनाला जाणं इथलंच आहे, १९३९ ला न्यूयॉर्कला पहिलं जागतिक सायन्स फिक्शन संमेलन झालं तिथे फॉरेस्ट ॲकरमन आणि मोरोजो भविष्यातले म्हणून कपडे घालून गेले होते, कपडे मोरोजोने शिवलेले. असा वेष करण्याला कॉस्प्ले म्हणतात, तो शब्द जपान्यांनी १९८३ च्या सुमारास केला, पण तोही दोन इंग्रजी शब्द मोडून. आणि जपानमधे टोकियोच्या कॉमिकेटला, म्हणजे हौशी चित्रकथांच्या मोठ्या बाजाराला, घरूनच वेष करून यायचं नाही असा नियम आहे, तिथे येऊन बदलायचं आणि बदलून जायचं. मेट्रोत तलवार घेऊन बसायचं हे खास अमेरिकन, तेव्हा काका, तुमच्या फोटोत जपान कुठेच नाही.

ओटाकॉन ह्या ॲनिमेच्या कॉनचं घ्या. १९९४ ला पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावी एका हॉटेलात सुरू झालं, साडेतीनशेच्या आसपास लोक, मग बरीच वर्षं बाल्टिमोर, २०१७ पासून वॉशिंग्टन, आता चाळीस हजारांच्या वर लोक येतात आणि अजूनही चालवणाऱ्यांना पगार नाही. सगळे स्वयंसेवक, दिवसा कुठे नर्स, कुठे अकाउंटंट. हे ओळखीचं वाटतं ना? वाटायलाच पाहिजे, इथल्या मराठी मंडळांना जोडणारं आपलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून हेच करतंय. तारखांचं गणित पण तेच आहे, कन्व्हेन्शन सेंटर शहरांनी मोठमोठी बांधून ठेवलीत, धंद्यावाल्यांच्या परिषदा सुट्टीच्या विकेंडला सहसा होत नाहीत, मग त्या रिकाम्या तारखा कोण घेणार, तर आपल्यासारखे. ॲनिमे एक्स्पो लॉस एंजेलिसला ४ जुलैच्या आसपास, ॲनिमे बॉस्टन बहुतेक वर्षी ईस्टरला, आणि आपलं अधिवेशन कित्येकदा ४ जुलैच्याच विकेंडला. २०२४ ला सॅन होजेला मे अखेरीस फॅनिमेकॉन हे ॲनिमेचं कॉन झालं आणि महिन्याभरात त्याच गावात आपलं अधिवेशन. आपण पैठण्या, फेटे, नथी घालून हजारो लोक जमून नाटक बघतो, ढोल बडवतो, जेवणाच्या रांगेत भांडतो, तेव्हा आपल्याला कोणी पळपुटे म्हणत नाही.

आम्ही जातो त्या कॉनला दारातच एक टेबल असतं, तिथे सगळी शस्त्रं दाखवायची. मागच्या वर्षी तिथे साठीचे एक आजोबा बसले होते, चष्मा नाकावर. लेकीची तलवार घेतली, अंगठ्याने धार दाबून बघितली, दोन्ही हातांनी वाकवून बघितली, मग मुठीला प्लॅस्टिकची रंगीत पट्टी आवळून वरचं टोक कात्रीने कापलं, म्हणजे तपासून झाली, आत न्यायला हरकत नाही. आणि तलवार परत देताना म्हणाले, गरम गोंदाचे धागे राहिलेत, हेअर ड्रायर फिरव, निघतील. लेक खूश, तिला सर्टिफिकेट मिळाल्यासारखं झालं.

दुपारी शिवणाची परीक्षा होती. मला वाटलं फॅन्सी ड्रेससारखं असेल, स्टेजवर जायचं, टाळ्या घ्यायच्या. तसं ते संध्याकाळी, दुपारी बंद खोलीत परीक्षक झगा उलटा करून बघतात, आतली शिवण, अस्तर, चेन कशी बसवली, काज हाताने केलंय की मशीनवर. लेकीच्या पुढे एक ओहायोचा मुलगा होता, सहा फूट दोन इंच, हात हे एवढे, त्याने बाहीची घडी परीक्षकाला दाखवली आणि सांगितलं की हे आजीने शिकवलं, आजी गोधड्या करायची आणि तिला राज्याच्या जत्रेत निळी रिबीन मिळाली होती. इथे बहुतेक राज्यांची दर वर्षी जत्रा भरते, सगळ्यात मोठा भोपळा, सगळ्यात चांगला मुरंबा, सगळ्यात चांगली गोधडी, परीक्षक येऊन गोधडीची मागची बाजू बघतात. तीच परीक्षा आहे ही. आजीने गोधडीवर तारे शिवले, नातवाने ड्रॅगन शिवला, हाताचं वळण तेच. ह्याला उसनं कल्चर म्हणायचं?

आता विरोधात जे बोललं जातं त्यातलं काही मला पटतं. एक म्हणजे ह्या गर्दीला ॲनिमे पाहिजे, जपानी माणूस पाहिजेच असं नाही. ह्यांच्या डोक्यातला जपान म्हणजे चेरीची फुलं आणि शाळेचा गणवेश, तिथल्या ॲनिमेशनवाल्यांना किती कमी पगारात राबवून घेतात त्याची चर्चा मोजक्या पॅनेलांत होते. दुसरं, सगळ्यांना सालासकट पाहिजे म्हणणाऱ्यांनीच काळ्या पोरींना वर्षानुवर्षं सुनावलं की हे पात्र काळं नाही, तू कशी झालीस, आणि निळ्या कातडीचं पात्र गोऱ्याने केलं तर चालतं. २०१५ च्या फेब्रुवारीत त्या पोरींनी '२८ डेज ऑफ ब्लॅक कॉस्प्ले' म्हणून रोज आपले फोटो टाकायला सुरुवात केली, ते अजून चालू आहे. वास्तविक टूनामी ह्या कार्टून नेटवर्कवरच्या कार्यक्रमात ड्रॅगन बॉल झेड बघून वाढलेली काळी पिढी ही ह्या चाहत्यांचा कणा आहे, २०२४ च्या ऑलिंपिक निवड चाचणीत नोआ लाइल्स ह्या काळ्या धावपटूने पळण्याआधी टीव्हीसमोर कपड्यातून यू-गी-ओ ह्या ॲनिमेच्या पत्त्यांच्या खेळातलं कार्ड काढून दाखवलं, आणि नंतर पॅरिसला शंभर मीटरचं सोनं घेतलं. तिसरं, पोरींच्या अंगचटीला येणं. न्यूयॉर्क कॉमिक कॉनला २०१४ मधे माणसाएवढे बोर्ड लावावे लागले की वेष केलाय म्हणजे परवानगी दिलेली नाही. बोर्ड लावावे लागले हे वाईट, लागले हे बरं झालं.

पण मग बॉस्टनचं पण सांगायला पाहिजे. २०१५ च्याच उन्हाळ्यात तिथल्या म्युझियममधे मोने ह्या फ्रेंच चित्रकाराच्या एका चित्रासमोर लोकांना चित्रातल्या बाईसारखाच किमोनो घालून फोटो काढू देत होते, त्यावर आशियाई-अमेरिकन तरुणांनी निदर्शनं केली, आणि त्यांच्यासमोर काही जपानी बायका खुद्द किमोनो नेसून आल्या की आम्हाला चालतंय, घालू द्या. म्युझियमने घालणं बंद करून हात लावून बघा एवढंच ठेवलं. मला दोन्ही बाजू कळतात, ज्यांच्या आजी-आजोबांना १९४२ ला जपानी म्हणून अमेरिकन सरकारने छावण्यांत कोंडलं आणि आधी घरातल्या जपानी वस्तू जाळायला लागल्या, त्यांना तो किमोनो खेळणं म्हणून बघवणार नाही. जपानहून आलेल्या बाईला ते ओझं नाही. पण त्या निदर्शकांचा राग गोष्ट सोलल्याबद्दलचा होता, आणि म्हणून मी म्हणतो की तासभर बसून शिवण कशी घ्यायची ते शिकणारी पोरं आणि फोटोपुरता झगा पांघरणारे पर्यटक ह्यांना एका मापाने मोजू नका.

मला खरी भीती वाटते ती वेगळ्या बाजूने. क्रंचीरोल ही ॲनिमे दाखवणारी वेबसाइट २००६ ला बर्कलेच्या पोरांनी काढली, तेव्हा तिथे लोक फॅनसब चढवायचे, २००९ पासून ते कायदेशीर झालं, जपानमधे लागलेला भाग तासाभरात इथे. उत्तम. २०२१ ला सोनीने ते सव्वाशे कोटी डॉलरच्या थोड्या खाली किमतीला घेतलं, ॲनिमेच्याच धंद्यातली टेक्सासची फनिमेशन कंपनी सोनीकडे आधीच होती, दोन्ही एक झाले. मग २०२४ ला फनिमेशनचं ॲप बंद केलं आणि ज्यांनी डिस्कबरोबर आलेले कोड टाकून डिजिटल प्रती आपल्या नावावर केल्या होत्या त्यांच्या त्या प्रती गेल्या. कोरी टेप आणि तिकीट लावलेलं पाकीट ज्याने पाठवलं होतं त्याची टेप मात्र अजून माळ्यावर आहे, बुरशी लागली असेल पण त्याची आहे. कॉनमधे पण हे जाणवतं, हॉलच्या मधोमध कंपन्यांचे दोन मजली मंडप आणि कडेला सहा फुटी टेबलावर स्वतः काढलेली चित्रं विकणारी पोरं, आणि दर वर्षी ती कड थोडी अजून कडेला जाते. गणपतीच्या मंडपात गुटख्याची जाहिरात देवापेक्षा मोठी झाली तेव्हा आपण काय केलं? काही नाही. म्हणून मला इथे जास्त टोचतं. शहरांनी, शाळांनी, लायब्ऱ्यांनी ह्या पगार न घेणाऱ्या कॉनना हॉल स्वस्तात द्यायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि आपल्या मंडळांनी पण ह्या बाबतीत त्यांच्या बाजूने उभं राहायला पाहिजे, कारण हॉलचं भाडं उद्या आपल्यालाही तेच लागणार आहे.

येताना गाडीत लेक दमून पेंगत होती, कॉनचा एक नियम आहे, ६-२-१, रोज निदान सहा तास झोप, दोन वेळा जेवण, एकदा आंघोळ, तिने त्यातलं किती पाळलं ते मी विचारलं नाही. मधे एका ठिकाणी थांबून बायकोने दिलेले पोहे काढले, वर कोथिंबीर सुकून गेलेली. तिने डबा मांडीवर घेतला आणि शेजारच्या गाडीतून उतरलेल्या दोन पोरी, कॉनवरूनच आलेल्या, एकीचे पंख अजून पाठीला, विचारायला लागल्या की ते पिवळं काय आहे. लेक म्हणाली पोहे. तिने शब्द दोनदा सांगितला, त्यांनी दोनदा म्हटला, 'पोहे'तला ह काही जमला नाही. मग तिघींनी डबा संपवला, मला उरलं नाही.

अठरा पूर्ण झाले की ती स्टाफमधे जाणार म्हणते. काम काय, तर रांग सांभाळायची, आठ आठ तास उभं राहून लोकांना सांगायचं भिंतीला चिकटून उभे राहा. पगार शून्य, टीशर्ट मिळतो. आमच्याकडे मंडळाच्या गणपतीत चपलांच्या स्टँडपाशी दोन तास उभी राहा म्हटलं तर ही पोटात दुखतं सांगते.